काळी शाबूत, पांढरी पडलेली : खानदेशच्या तिन्ही जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार

विषय : मोठ्या भूकंपानंतर शेतकऱ्याची पुढची पेरणी चुकू नये, यासाठी आराखड्यात तरतूद करण्याबाबत.

स.न.वि.वि.

खानदेशात अलीकडे मोठा भूकंप झालेला नाही आणि होऊही नये. मग हे पत्र आत्ताच कशाला, असं आपल्या कार्यालयात कुणी म्हणेल. भूकंप झाल्यावर असली पत्रं वाचायला कुणालाच सवड नसते, म्हणून आत्ता. तेव्हा हेलिकॉप्टर येतात, मंत्री येतात, तंबू येतात. वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालदाराचं काय, बियाण्याचं काय, हे विचारायला महिना उलटावा लागतो आणि तोवर घात, म्हणजे पेरणीची नेमकी वेळ, निघून गेलेली असते.

किल्लारीचं उदाहरण आपल्याला माहीत आहेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादकडची गावं झोपेत गाडली गेली, सुमारे दहा हजार माणसं गेली. गणपती विसर्जनाची ती रात्र होती. मात्र त्या वेळच्या भूकंप नकाशावर किल्लारी झोन १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं, याची आठवण कुणी फारशी काढत नाही. २००२ च्या नकाशात आपले तिन्ही जिल्हे झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहेत. नर्मदा-शोण-तापीचा भेगाळ पट्टा आपल्या उशाखालून जातो. १९३८ च्या मार्चमध्ये सातपुड्यात ६ च्या वरचा धक्का बसला होता. याच पट्ट्यात पुढे पूर्वेला, १९९७ च्या मे महिन्यात जबलपूर हललं. भीती घालण्यासाठी हे लिहीत नाही. आपल्याकडे ही गोष्ट अशक्य कोटीतली नाही, एवढंच सांगायचं आहे.

आता मुद्द्याचं. पूर येतो तेव्हा शेत वाहून जातं. गारपीट होते तेव्हा केळीचे खांब आडवे होतात. दुष्काळात पीक उभ्या उभ्या करपतं. आपली सगळी मदतीची यंत्रणा या तीन संकटांवर तयार झाली आहे. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक बांधावर येतात, किती टक्के नुकसान ते लिहितात, पंचनामा होतो, यादी लागते. भूकंपात हे सगळं उलटं होतं. काळी, म्हणजे शेतजमीन, जागच्या जागी असते, पीक डोलत असतं आणि पांढरी, म्हणजे गावातली घरं, पडलेली असते. किल्लारीतही खरीप शेतात उभा होता, रब्बीची पेरणी तोंडावर होती. शेतात जाऊन टक्केवारी काढली असती तर नुकसान शून्य भरलं असतं. पीक काढायला माणूस नाही, बैल दगडाखाली, पेरणीची पाभर मातीखाली, पुढच्या पेरणीचं बी ढिगाऱ्यात. यातलं काहीच बांधावरून दिसत नाही.

निविष्ठा अनुदानासाठी, म्हणजे बी-खताच्या मदतीसाठी, पिकाचं ३३ टक्के किंवा जास्त नुकसान व्हावं लागतं. पीककर्जाच्या पुनर्गठनासाठीही बँका हाच ३३ टक्क्यांचा दाखला मागतात. आमच्या केळीचा विमा हवामानावर आधारित आहे. थंडीत तापमान किती उतरलं, उन्हाळ्यात किती चढलं, वारा किती वेगाने आला, गार पडली का, यावर तो ठरतो. जमीन हलली का, हे त्या योजनेत कुणी विचारत नाही. म्हणजे भूकंपानंतर माझ्यासारख्या माणसाचं घर पडलं तर मी 'घर पडलेला' म्हणून यादीत येईन, पण 'शेतकरी' म्हणून कुठल्याच यादीत येणार नाही.

केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या मदत निकषांमध्ये ओढकाम करणाऱ्या मोठ्या जनावराला ३२,००० रुपये आहेत, दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० आणि घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,०००. चांगली बैलजोडी बाजारात आज किती पडते ते आपल्या शिपायालाही ठाऊक असेल. तीन हजारांत गोठा होतो का, ते मी विचारत नाही. मला खटकतं ते वेगळंच. त्या निकषांत मच्छीमाराची बोट आणि जाळं आहे, विणकराची-कारागिराची अवजारं आहेत. ती असलीच पाहिजेत. पण पाभर, वखर, कोळपं, फवारणीचा पंप, ठिबकचा फिल्टर यांच्यासाठी रकाना नाही. घरात साठवलेल्या धान्याला नाही, बियाण्याला नाही. निकष दिल्लीत ठरतात, ते आपल्या हाती नाहीत, हे मान्य. पण जिल्हा नियोजनाचा निधी आहे, जिल्हा परिषदेचा सेस आहे, आणि पंचनाम्याच्या नमुन्याला एक जादा पान जोडायला दिल्लीला विचारावं लागत नाही. नोंदच नसेल तर उद्या राज्य सरकारने ठरवलं तरी पैसे कुणाला द्यायचे?

घरात काय असतं, हे लिहितो. डिसेंबर ते मार्चच्या दरम्यान चोपडा, धरणगाव, पारोळा, शिंदखेडा, कुठल्याही कापसाच्या गावात शिरा. भाव येईल म्हणून पुढच्या खोलीत कापूस आढ्याला टेकेपर्यंत भरलेला असतो. त्यातच एका कोपऱ्यात खाट असते आणि पोरं त्या ढिगावर लोळत असतात. मधल्या खोलीत गव्हाची आणि दादरची, म्हणजे रब्बी ज्वारीची, कोठी. माळ्यावर हरभऱ्याचं, भुईमुगाचं घरचं बियाणं, राख किंवा कडुनिंबाचा पाला घालून बांधून ठेवलेलं. खुंटीला पंप. भिंतीतल्या फडताळात प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारा, पासबुक, विकास सोसायटीची पावती, म्हशीच्या विम्याचा कागद. म्हणजे गेलं अख्खं वर्ष आणि येणारं अख्खं वर्ष त्या चार भिंतींत आहे. जुन्या गावात त्या भिंती मातीत रचलेल्या दगडाच्या आणि वर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. किल्लारीत माणसं मेली ती अशाच जड छपराखाली आणि मातीत रचलेल्या दगडाखाली.

त्यानंतर जेसीबी येतो. माणसं शोधून होईपर्यंत कुणी काही बोलणार नाही आणि बोलूही नये. पण शोध संपल्यावर ढिगारा उचलायची घाई होते आणि जेसीबीचा बकेट गहू, कापूस, पाभरीचे फण, सातबारा असं सगळं एकाच ढिगात लोटतो. माझी पहिली मागणी फार साधी आहे. शोध संपल्यानंतर ढिगारा हलवण्याआधी प्रत्येक घराला निदान दोन दिवस द्या. सोबत गावाबाहेरचे मजूर द्या, रोजगार हमीतून द्या, आणि ताडपत्री द्या. ज्याचं घर आहे त्यालाच माहीत असतं की कोठी कुठल्या कोपऱ्यात होती. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ ला भूकंप झाला तेव्हा भाताची लावणी दीड-दोन महिन्यांवर होती आणि घरचं बी घरांखाली होतं. बियाण्याबरोबर धान्य ठेवायला हवाबंद पिशव्याही वाटाव्या लागल्या, कारण वाचलेलं धान्य ठेवायला कोरडी जागाच उरली नव्हती. आपल्या गोदामांत आज पंचनाम्याचे कोरे नमुने असतीलच. अशा पिशव्याही असाव्यात.

कापसाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण बाहेरच्या मदतवाल्याला हे कळत नाही. ढिगाऱ्यातून काढलेल्या कापसात माती येते, खडे येतात, पावसाचा शिडकावा झाला तर ओल येते. सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, १२ टक्क्यांच्या वर ओलावा असलेला माल घेत नाही. गावात येऊन माल घेणारा खेडा खरेदीवाला व्यापारी मात्र घेईल. पडलेल्या भावाच्या निम्म्याने घेईल आणि वर उपकार केल्यासारखं बोलेल. त्या आठवड्यात शेतकऱ्याला रोख पैशाची इतकी निकड असते की तो देऊनही टाकेल. म्हणून आत्ताच जिनिंगवाल्यांशी आणि पणन महासंघाशी बोलून ठेवा. भूकंपग्रस्त गावाचा कापूस वाळवायला, साफ करायला आणि ठेवायला कुठली यार्डं मिळतील, त्याचा वेगळा दर्जा लावून कोण खरेदी करेल आणि फरक कुठून भरून द्यायचा, हे कागदावर असू द्या. आणखी एक : कापूस भरलेल्या पडक्या घराजवळ कुणी चूल पेटवू नये, हे पहिल्या दवंडीत सांगा. वाचलेलं घर आगीत गेलं तर दोष कुणाला द्यायचा?

मागे एका तालुक्याच्या गावी आपत्तीची रंगीत तालीम पाहिली. सायरन झाला, स्ट्रेचर आले, अग्निशमनची गाडी आली, पोरांनी जखमींची भूमिका झकास वठवली. मी एका साहेबांना विचारलं, "गोठ्यातली गुरं कोण सोडणार?" साहेब सज्जन होते. हसून म्हणाले, "काका, आधी माणसं तर वाचू द्या." ते बोलले त्यात गैर काही नव्हतं. पण शेतकरी कसा वागतो हे त्यांनी धरलेलं नव्हतं. पहिला धक्का ओसरला की तो बायका-पोरांना अंगणात आणतो आणि बैलाचं दावं सोडायला परत आत शिरतो. मोठ्या भूकंपानंतर पुन्हा धक्के येतात. नेपाळमध्ये १२ मेला दुसरा ७.३ चा आलाच. गुरं सोडायला गावातली पाच-सहा पोरं आधीच नेमलेली असतील, गोठ्यांची दावी झटक्यात सुटणारी असतील, तर ही माणसं आत जाणारच नाहीत. गुरं वाचवणं हे माणसं वाचवण्यातच धरा.

गुरं घेऊन कुणी शाळेतल्या निवाऱ्यात जात नाही आणि गुरं सोडूनही जात नाही. मग तो पडक्या घरासमोर शेकोटी करून बसतो आणि मदत केंद्राच्या यादीत 'स्थलांतरास नकार' असा शेरा पडतो. चारा छावणी कशी चालवायची हे महाराष्ट्राला शिकवावं लागत नाही. दुष्काळात आपण ती चालवली आहे. कडबा कुठून आणायचा, ढेप किती, पाण्याचा टँकर कधी, पशुवैद्यकाची फेरी कधी, हे सगळं ठाऊक आहे. फक्त त्या आदेशात 'दुष्काळ' या शब्दाशेजारी 'भूकंप' लिहून ठेवा आणि माणसांचा निवारा व गुरांची छावणी एकाच आवारात असावी असं म्हणा.

आता पाणी. रावेर-यावल-चोपड्याच्या केळीला एप्रिल-मेमध्ये रोज पाणी लागतं. ठिबक म्हणजे वीज आणि वीज म्हणजे डीपी, खांबावरचा ट्रान्सफॉर्मर. खांबावरची डीपी खाली आली, जमिनीतली पीव्हीसीची मेन लाइन सांध्यांत सुटली, ट्यूबवेलचा केसिंग वाकला किंवा जुन्या बांधीव विहिरीचं कडं ढासळलं, तर पंचेचाळीस अंशांत ती बाग किती दिवस तग धरेल? घड पोसणार नाही आणि मग खरोखर पिकाचं नुकसान होईल. पण तेव्हा पंचनाम्यात कारण काय लिहायचं, यावर तीन खात्यांचा पत्रव्यवहार सुरू होईल. दवाखाना आणि पिण्याचं पाणी आधी, यात वाद नाही. त्यानंतरच्या क्रमात शेतीच्या फीडरची पाळी कधी, हे महावितरणला आज विचारा. दिवसाआड चार तास मिळाले तरी बाग जगते. हतनूरचे दरवाजे, गिरणेचे कालवे, पांझरेवरचे जुने बंधारे यांची पाहणी जलसंपदा करेलच. कच्छमध्ये २००१ च्या भूकंपात बऱ्याच मातीच्या धरणांना तडे गेले होते, ती दुष्काळामुळे जवळपास रिकामी होती म्हणून निभावलं. पाहणीचा अहवाल मात्र गावाला मराठीत आणि लगेच मिळावा. अफवेने पाट बंद राहतात.

पैशाच्या बाबतीत तारखांचा घोळ होतो. सोसायटीचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरलं तर व्याज सवलत, नाही तर गेली. भूकंप फेब्रुवारीत झाला तर? ढिगारा उपसायचा की सोसायटीत रांग लावायची? भूकंपग्रस्त जाहीर झालेल्या गावात वसुलीची आणि सवलतीची तारीख आपोआप पुढच्या हंगामाच्या शेवटापर्यंत ढकलली जावी, त्यासाठी पीकनुकसानीचा दाखला मागू नये, असा प्रस्ताव आपण शासनाकडे आणि राज्यस्तरीय बँकर्स समितीकडे आजच पाठवू शकता. कर्जमाफी मागत नाही. नवं कर्ज वेळेवर मिळालं की पेरणी होते आणि पेरणी झाली की शेतकरी जुनंही फेडतो.

ज्याच्या नावावर काहीच नाही त्याची गोष्ट निराळी. आपल्याकडे सालदार आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कामाला लागतो. वर्षाची बोली होते, काही उचल आधी घेतो, शेतातल्या खोलीत किंवा मालकाच्या वाड्याशेजारी राहतो. सातबाऱ्यावर त्याचं नाव नाही, घर त्याचं नाही. मालकच गेला तर साल कुणाकडे, आणि उचल फेडायची कुणाला? निम्म्या वाट्याने किंवा ठोक्याने, म्हणजे ठरावीक रकमेवर, जमीन करणाऱ्याचंही तेच. मदत मालकाच्या खात्यात जाते आणि बी-खत घातलेला माणूस बघत राहतो. ज्या घरात कर्ता पुरुष गेला तिथे बाईच्या नावाने वारस नोंद व्हायला फेरफाराची मुदत आडवी येते. ग्रामसभेचा ठराव आणि दोन शेजाऱ्यांचा जबाब एवढ्यावर कसणाऱ्याच्या हातात पहिला हप्ता पडावा, वाद असेल तर तो नंतर मिटवावा. सालदाराला शेतमजूर म्हणून निराळ्या यादीत घ्या. त्या वर्षी शेत उभं राहिलं तर ते त्याच्याच हाताने राहणार आहे.

सातपुड्यातली तऱ्हा वेगळी. अक्राणी-अक्कलकुव्यातली कुडाची, लाकडाची घरं हलकी असतात, त्यात माणसं तेवढी दगावणार नाहीत. पण घाटात दरड आली की पाडे तुटतात. तिथे बऱ्याच जणांकडे सातबारा नसून वनहक्काचा वनपट्टा आहे. मदतीच्या अर्जात तो रकाना ठेवा, नाही तर तलाठ्याच्या टेबलावरून अर्ज परत येईल. भगर, नागली, डोंगराळ ज्वारी यांचं देशी बियाणं कंपनीच्या पिशवीत मिळत नाही. ते पुन्हा मिळवायचं तर शेजारच्या पाड्याकडूनच विकत घ्यावं लागेल, त्यासाठी रोख हाताशी असू द्या. खाली मैदानातही कापसाचं बी दरवर्षी विकतच येतं, त्याची मला फार काळजी नाही. काळजी आहे ती हरभरा, गहू, दादर, भुईमूग, सोयाबीन यांची. राहुरी विद्यापीठाची केंद्रं, पाल आणि ममुराबादची कृषी विज्ञान केंद्रं, महाबीज यांच्याकडे यातला राखीव साठा किती आणि कुठल्या महिन्यात किती, एवढा एक तक्ता आराखड्याला जोडा.

आणि पेरणी कुणी करायची? इर्जिक. आपल्याकडे ज्याचा बैल बसला त्याची पेरणी गाव करून द्यायचं, ही रीत अजून सगळी मेलेली नाही. किल्लारीसारखा पट्टा पडला तर शंभर-दीडशे ट्रॅक्टर शेजारच्या तालुक्यांतून आठ दिवसांसाठी येऊ शकतात. डिझेल प्रशासनाने द्यावं, गाव वाटून द्यावं, कुणाच्या शेतात कधी हे कृषी सहायकाने लावावं. ट्रॅक्टरमालकांची नावं तालुकावार आजच लिहून घ्या. पोरं एका हाकेवर येतील, पण ती हाक कुणी द्यायची हे ठरलेलं असावं.

घरं पुन्हा बांधायची वेळ येईल तेव्हा किल्लारीकडे नीट बघा. तिथे बावन्न गावं नव्या जागी वसवली. घर किती चौरस फुटांचं हे जमिनीवरून ठरलं : भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५०, त्यापुढे सात हेक्टरपर्यंत ४००, त्याहून जास्त असेल तर ७५०. जास्त जमीनवाल्याला मोठं घर! रस्ते शहरासारखे सरळ आखले, वस्त्या पसरल्या, आणि गुरं-वैरणीची सोय मागाहून ज्याची त्याने पाहिली. काम प्रचंड होतं, ते झालं, याचं श्रेय द्यायलाच हवं. पण शेतकऱ्याच्या घराचा नकाशा काढताना गोठा, खळं, वैरण आणि बैलगाडी वळायची जागा आधी आखावी, मग खोल्या. दुरुस्त होणारं घर जागेवरच दुरुस्त करावं. त्याच कार्यक्रमात गावोगावच्या बायकांना संवाद सहायक नेमून घरदुरुस्तीचं काम समजावून दिलं गेलं होतं आणि पुढे भूजच्या भूकंपात लातूरकडच्या बाया तिकडे सांगायला गेल्या. आपल्या बचत गटांना हे काम आजही देता येईल.

मदत गोळा करणाऱ्या मंडळांना, बाजार समित्यांना आणि आडतदारांनाही इथेच हात जोडतो. जुने कपडे पाठवू नका. ट्रकभर कडबा, ताडपत्र्या, पत्रे, दोरखंड, टिकाव-फावडी, हवाबंद पिशव्या पाठवा. आणि ट्रक पाठवण्याआधी तिथल्या सरपंचाला फोन करून काय हवं ते विचारा.

पावसाळ्याच्या तोंडावर आपण दरवर्षी मान्सूनपूर्व आढावा घेता. त्या बैठकीच्या विषयपत्रिकेत यंदा 'भूकंप आणि शेती' असा एक विषय घ्यावा. कृषी, पशुसंवर्धन, महावितरण, सहकार, जिल्हा बँक आणि पणन यांना त्या दिवशी एकत्र बसवावं. ढिगारा उपसण्याचे दोन दिवस, गुरांची छावणी, सोसायटीची तारीख आणि पंचनाम्याचं जादा पान या चार बाबींवर तिथेच निर्णय व्हावा आणि त्याची प्रत ग्रामपंचायतींना मिळावी. बोलावलंत तर आमच्या तालुक्यातले चार-पाच शेतकरी स्वखर्चाने येतील. मीही येईन.

आपला विश्वासू,
यावल तालुक्यातला एक केळी उत्पादक